युगांडात गोरिला, चिंपांझी बघायला ग्रुपबरोबर पायी जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युगांडाची वाइल्डलाइफ आणि वॉकिंगची ग्रुप ट्रिप करून आल्यापासून लोकांचे प्रश्न येतच असतात, आणि बरेचसे तेच तेच असतात. म्हणून नेहमीचे सगळे इथे एकत्र केलेत. आधी साधे, मग किचकट. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे नंबर दिलाय, तो बघा.

१. गोरिलाच बघायचे तर युगांडा का? रवांडा सोपं पडतं म्हणतात.

सोपं पडतं हे खरंय. किगालीला, म्हणजे रवांडाच्या राजधानीत, उतरलं की दोन-तीन तासांत व्होल्कॅनोज नॅशनल पार्क आणि रस्तेही एकदम छान. पण तिथलं परमिट १५०० डॉलर आहे आणि युगांडात ८०० (जुलै २०२४ पासून, त्याआधी ७०० होतं). माउंटन गोरिला जगात फक्त दोन ठिकाणी उरलेत, एक विरुंगा पर्वत जो युगांडा, रवांडा आणि काँगोत पसरलाय, आणि दुसरं ब्विंडीचं जंगल. दोन्हीकडच्या शेवटच्या गणना मिळून १०६३, त्यातले ४५९ ब्विंडीकडचे. पैशांचं एक झालं, पण माझ्यासाठी खरं कारण हे की युगांडात एकाच फेरीत गोरिला, चिंपांझी, झाडावर चढणारे सिंह आणि पायी जाऊन गेंडा एवढं सगळं होतं. चार दिवसांत गोरिला बघून परतायचं असेल तर मात्र रवांडा घ्या, त्यात काही वाईट नाही.

२. वॉकिंग ट्रिप म्हणजे रोज ट्रेक करायचा का?

नाही नाही. चालायचे दिवस, गाडीचे दिवस आणि बोटीचे दिवस असं मिक्स असतं. पायी काय काय होतं तर ब्विंडीत गोरिला, किबालेच्या जंगलात चिंपांझी, किबालेला लागूनच असलेली बिगोदीची दलदल (गावकरीच गाइड असतात, दोन-तीन तास आरामात, पक्षी आणि माकडं भरपूर), आणि कंपाला-मर्चिसन रस्त्यावरची झिवा अभयारण्यातली गेंड्यांची वॉक. क्वीन एलिझाबेथ आणि मर्चिसन फॉल्स या पार्कांच्या गवताळ भागात सिंह, हत्ती, रानरेडे असतात, तिथे गाडीतून उतरायचं नाही. काझिंगा चॅनलवर बोट, पाणघोडे आणि मगरी अगदी जवळून दिसतात. गाइड सगळीकडे हवाच, एकट्याने जंगलात फिरायची परवानगीच नसते.

३. किती दिवस काढायचे?

गोरिला आणि चिंपांझी दोन्ही नीट करायचे तर ९-१० दिवस तरी. एंटेबे (युगांडाचा आंतरराष्ट्रीय विमानतळ इथे आहे) ते ब्विंडी गाडीने ८ ते १० तास लागतात, कधी जास्तच, आणि शेवटचा टप्पा कच्चा डोंगररस्ता. त्यामुळे नकाशावर अंतर बघून ठरवू नका, तास विचारा. आठवड्यात पाच पार्क बसवणारे प्लॅन खूप दिसतात पण त्यात माणूस गाडीतच संपतो, त्यापेक्षा दोन पार्क कमी करा आणि जंगलाजवळ एक रिकामा दिवस ठेवा, सकाळी व्हरांड्यात बसलं तरी समोर टुराको पक्षी आणि कोलोबस माकडं दिसतात. रस्ता झेपणार नसेल तर एंटेबेहून किहिही किंवा किसोरोपर्यंत छोटी विमानं जातात. त्यातलं कुठलं घ्यायचं हे तुमच्या सेक्टरवर ठरतं (प्रश्न ६).

४. कुठल्या महिन्यात जावं?

जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे त्यातल्या त्यात कोरडे. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर पाऊस जास्त. पण ब्विंडी हे रेनफॉरेस्ट आहे, कोरड्या महिन्यातही दुपारी धो धो येऊ शकतो, रेनकोट काढून ठेवायचा नाही. पावसाळ्यात गोरिला दिसत नाहीत असं अजिबात नाही, फक्त चिखल आणि घसरडं वाढतं, त्या बदल्यात गर्दी कमी आणि परमिट पटकन मिळतं. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी कोरडे महिनेच धरावेत.

५. परमिट म्हणजे नेमकं काय आणि कसं काढायचं?

गोरिला आणि चिंपांझी दोन्हीला वेगवेगळं परमिट लागतं, ते युगांडा वाइल्डलाइफ ऑथॉरिटी देते. गोरिलाचं ८०० डॉलर, किबालेतल्या चिंपांझीचं २५० (परदेशी पर्यटकांचे दर). माणसागणिक, दिवसागणिक, आणि तुमच्या नावावर. एका गोरिला कुटुंबाला दिवसात फक्त ८ पर्यटक आणि तेही एकच तास, त्यामुळे रोजची परमिटं मोजकीच असतात आणि जुलै-ऑगस्टची कित्येक महिने आधी संपतात. ग्रुप ट्रिपमध्ये टूरवालाच काढतो, पण "परमिट कन्फर्म आहे" असं नुसतं तोंडी ऐकून विमानाचं तिकीट काढू नका, आधी परमिटची प्रत मागा, त्यावर तारीख, सेक्टर आणि पासपोर्टवरचं नाव तपासा. ट्रेकच्या सकाळी ओरिजनल पासपोर्ट बरोबर लागतो, लॉजच्या तिजोरीत ठेवून जाऊ नका.

६. हे सेक्टर काय प्रकरण आहे?

यावर फार कमी लोक लक्ष देतात आणि मग त्रास होतो. ब्विंडीत चार ठिकाणांहून ट्रेक सुरू होतात, उत्तरेला बुहोमा, पूर्वेला रुहिजा, दक्षिणेला रुशागा आणि न्कुरिंगो. परमिट ज्या सेक्टरचं, सकाळी तिथेच हजर व्हायचं. जंगल दिसायला लहान, ३२१ चौरस किलोमीटर, पण बुहोमाहून रुशागाला जायला डोंगराला वळसा घालत कित्येक तास लागतात, म्हणजे लॉज एकीकडे आणि परमिट दुसरीकडे असेल तर पहाटे तीनला उठून पळावं लागतं. बुहोमासाठी किहिही विमानतळ, रुशागा-न्कुरिंगोसाठी किसोरो. लॉज बुक करायच्या आधी परमिटवरचा सेक्टर वाचा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

७. फिटनेस किती लागतो? मी ट्रेकर वगैरे नाही.

ट्रेकर असायची गरज नाही, पण तीन-चार तास चढउतार चालता यायला पाहिजे. गोरिला कुठे असतील त्यावर सगळं अवलंबून, कधी पाऊण तासात भेटतात आणि कधी पाच-सहा तास जातात. उंची साधारण ११६० ते २६०७ मीटर आहे, त्यामुळे हवा विरळ म्हणून त्रास व्हावा असं सहसा होत नाही, दम लागतो तो चढाने. आणि पायवाट असेलच असं नाही, ट्रॅकर कोयत्याने वेली तोडत पुढे जातो आणि आपण त्या तोडलेल्या वेलींच्या ढिगावर पाय ठेवत जातो, खाली जमीन आहे का पोकळी हे कळत नाही, पाय अचानक मांडीपर्यंत आत जातो. ब्विंडी या नावापुढे अभेद्य असं विशेषण लावतात ते उगाच नाही.

तयारी म्हणून दोन महिने आधीपासून जिने चढायला आणि विशेषतः उतरायला लागा, पाठीवर चार-पाच किलो घेऊन. सपाटीवर रोज दहा हजार पावलं चालणाऱ्यांना वाटतं झालं, पण उतारावर मांड्या भरून येतात तेव्हा कळतं.

ब्रीफिंगच्या वेळी रेंजर ग्रुप पाडतात, कुठलं कुटुंब जवळ आहे आणि कुठलं लांब याचा अंदाज त्यांना असतो. गुडघा, दमा, वय जे काही असेल ते तेव्हाच स्पष्ट सांगा. लाजू नका. ते शक्य तेवढं जवळचं कुटुंब देतात.

८. आईला घेऊन जायचंय, वय ६८, गुडघे दुखतात. शक्य आहे का?

शक्य आहे. पहिलं म्हणजे पोर्टर घ्या, साधारण १५ ते २० डॉलर, वर टिप. तो बॅग तर घेतोच, पण खरा उपयोग हाताचा, चढावर वर ओढतो, उतारावर खाली उभा राहून आधार देतो. तरुण असाल तरी घ्या असंच सांगेन, आजूबाजूच्या गावातल्या मुलामुलींना या जंगलातून थेट मिळणारी ही कमाई आहे, आणि ज्या जंगलातून घरात पैसा येतो ते जंगल लोक टिकवतात.

दुसरं म्हणजे डोली. चक्क डोलीच असते, खुर्चीला दांडे आणि आळीपाळीने उचलणारी माणसं. काही शे डॉलर लागतात आणि आदल्या दिवशी सांगितलं तर सोपं जातं. आमच्या ग्रुपमधल्या एक आजी डोलीतून गेल्या, शेवटचा तुकडा काठी टेकत स्वतः चालल्या, आणि पिल्लू आईच्या पाठीवरून घसरून खाली आलं तेव्हा त्यांनी माझा हात जो घट्ट धरला तो तास संपेपर्यंत सोडला नाही. वय बघून कुणी कुणाला घरी बसवू नये असं मला मनापासून वाटतं, आधी डॉक्टरांना विचारा आणि सोय करून घेऊन जा.

९. आणि मुलं? आमचा मुलगा १३ वर्षांचा आहे.

गोरिलाला किमान वय १५ पूर्ण, यात सूट नाही, पासपोर्टवरची जन्मतारीख बघतात. कारण मुलांना होणारे आजार गोरिलांना लागू शकतात आणि दुसरं, गोरिला अंगावर धावून आला तर न पळता थांबणं मुलांना जमेलच असं नाही. आई-बाबा ट्रेकला आणि मुलगा लॉजवर कुणासोबत, हे आधी ठरवा, किंवा आई एक दिवस, बाबा दुसऱ्या दिवशी असं करा. चिंपांझीला वयाची अट वेगळी आहे, बुकिंगच्या वेळी चालू नियम विचारा. बिगोदीची वॉक, काझिंगाची बोट मुलांना खूप आवडते.

१०. ट्रेकच्या दिवशी काय काय होतं?

सकाळी साडेसात-आठला सेक्टरच्या ऑफिसात हजेरी, पासपोर्ट, मग ब्रीफिंग. ट्रॅकर त्याच्या खूप आधी जंगलात गेलेले असतात, काल संध्याकाळी कुटुंब जिथे होतं तिथून माग काढत ते आज सकाळची घरटी शोधतात (गोरिला रोज रात्री पानाफांद्यांचं नवीन घरटं करून झोपतात) आणि तिथून पुढे. त्यांचा आणि तुमच्या रेंजरचा वॉकीटॉकीवर संपर्क असतो. बरोबर बंदूकधारी गार्डही असतात, ते गोरिलांसाठी नाही, जंगली हत्तींसाठी, आणि वेळ आलीच तर हवेत गोळी झाडून पळवायला.

मग चालणं. जवळ पोचलात की रेंजर थांबवतो, बॅगा, काठ्या, खाणं सगळं पोर्टरपाशी ठेवायचं, मास्क लावायचा, आणि फक्त कॅमेरा घेऊन पुढे. घड्याळ पहिला गोरिला दिसला की सुरू.

११. तो एक तास कसा असतो? एवढे पैसे देण्यासारखं आहे का?

माझं उत्तर हो असंच आहे.

आधी वास येतो, उग्र, घामासारखा. मग आवाज, देठ सोलल्याचा आणि चावल्याचा करकर आवाज, आणि झुडूप हलतं. रेंजर घशातून खोल "म्म्ह-म्म्म" असा आवाज काढतो, म्हणजे आम्ही आलोय, त्रास देणार नाही, आणि पलीकडून तसंच उत्तर येतं. ते ऐकल्यावर अंगावर काटा आला. सिल्व्हरबॅक, म्हणजे कुटुंबाचा प्रमुख मोठा नर, आमच्याकडे पाठ करून बसला होता, त्या पाठीवरचे रुपेरी केस पावसाने ओले होऊन चिकटलेले, एका हाताने फांदी वाकवायची, ओठांनी पानं ओरबाडायची, आणि मग फांदी सोडून द्यायची, अगदी सावकाश. त्याची बोटं बघा. नखं, सांध्यांवरच्या सुरकुत्या, अंगठा, सगळं आपल्यासारखं. एक पिल्लू त्याच्या खांद्यावर चढून घसरत होतं, तो बघतही नव्हता.

सल्ला एकच, पहिली पंधरा मिनिटं फोटो काढा आणि मग फोन खिशात घाला. तास फार लवकर जातो, आणि रेंजरने शेवटची पाच मिनिटं सांगितली की लोक घाईघाईने व्हिडिओ करायला लागतात आणि समोर काय चाललंय तेच बघायचं राहतं.

१२. सर्दी झाली असेल तर? इतका खर्च केल्यावर कोण थांबणार?

थांबायचं. यावर मी कुणाशी वाद घालत नाही. गोरिला आपल्या इतके जवळचे आहेत की आपल्याला साधी सर्दी ती त्यांना न्युमोनियापर्यंत नेऊ शकते, आणि त्यांच्याकडे आपल्या आजारांशी लढायची प्रतिकारशक्ती नाही. १९९६ मध्ये ब्विंडीच्या एका कुटुंबात खरूज पसरली, एक पिल्लू गेलं, बाकीचे औषधाने वाचले, आणि माग काढल्यावर तो रोग माणसांकडून आल्याचं दिसलं. तेव्हा तिथे असलेल्या व्हेट (प्राण्यांच्या डॉक्टर) डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी पुढे २००३ मध्ये कन्झर्व्हेशन थ्रू पब्लिक हेल्थ ही संस्था काढली, ती गावातल्या माणसांचं आरोग्य आणि गोरिलांचं आरोग्य एकत्र बघते, कारण एक बिघडलं की दुसरं बिघडतं.

म्हणून मास्क, हात सॅनिटाइझ करणं, आणि अंतर. पूर्वी ७ मीटर सांगायचे, कोविडनंतर १० मीटर झालं. खोकला, ताप, जुलाब असेल तर आदल्या रात्रीच गाइडला सांगा, कधीकधी तारीख बदलता येते. आजारपणात पैसे किती परत मिळतात हे बुक करतानाच लेखी विचारून घ्या आणि ट्रिप कॅन्सलेशन असलेला इन्शुरन्स काढा, म्हणजे पैशांपायी खोकला लपवायची वेळ येणार नाही. ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणी गोळी घेऊन लपवलेलं कळलं तर रेंजरला सांगणं म्हणजे चहाडी नाही.

१३. पण गोरिलाच १० मीटरच्या आत आला तर? आणि अंगावर धावला तर?

येतात, विशेषतः पिल्लं, त्यांना कुतूहल असतं. आपण हात पुढे करायचा नाही, शांतपणे मागे सरकायचं, जागा नसेल तर रेंजर सांगेल तसं थांबायचं. स्पर्श करायचा नाही, त्यांनी केला तरी आपण नाही. सिल्व्हरबॅक छाती बडवत धावून आला तर बहुतेक वेळा तो दम देतो आणि थांबतो, तेव्हा खाली बसायचं, नजर जमिनीकडे, रेंजरच्या मागे, आणि काहीही झालं तरी पळायचं नाही. ही सगळी कुटुंबं माणसाला सरावलेली असतात त्यामुळे असं क्वचितच होतं.

१४. चिंपांझी आणि गोरिला, दोन्ही बघायची गरज आहे का?

जमत असेल तर नक्की, कारण अनुभव अगदी उलटा आहे. गोरिला बसलेले असतात, चिंपांझी पळतात. किबालेत ब्विंडीइतका चढ नाही, पण चिंपांझी झाडावरून उतरून चालू पडले की त्यांच्यामागे अक्षरशः धावावं लागतं. आवाज तर विचारूच नका, एकाने हू-हू सुरू केलं की चारी बाजूंनी चढत जातं आणि कुणीतरी मोठ्या झाडाच्या फळीसारख्या मुळांवर धाडधाड पाय आपटतं, छातीत दणका बसतो. किबालेत माकडं-वानरं मिळून १३ जाती आहेत, त्यामुळे चिंपांझी लांब गेले तरी लाल कोलोबस, मँगाबे असं काहीतरी दिसत राहतं. क्रम निवडता आला तर आधी किबाले, मग ब्विंडी. पायांना सराव होतो.

१५. कपडे, बूट काय घ्यायचे?

घोट्याच्या वर येणारे, चांगली पकड असलेले, आधी वापरून मऊ झालेले बूट. लांब बाह्या, लांब जाड पँट, आणि पँट मोज्यांत खोचायची, दिसायला कसंही दिसो, कारण सफारी मुंग्यांच्या रांगेवर पाय पडला तर त्या आतून वर चढतात आणि एकदम सगळ्या मिळून चावतात. बागकामाचे हातमोजे हवेतच, घसरताना हात जिथे पडतो तिथे नेमकी नेटलची पानं असतात, खाजकुइलीसारखी आग होते. हलका रेनकोट, वॉटरप्रूफ पिशवी, दोन लिटर पाणी. काठी तिथे मिळते.

रंग मातकट, हिरवे. गवताळ पार्कांत गडद निळा आणि काळा टाळा, त्सेत्से माश्या त्यावर येतात. आणि लष्करी कॅमोफ्लाज छापाचं काहीही, टोपीसुद्धा, बॅगेत टाकू नका, युगांडात सामान्य माणसाला ते घालायला कायद्याने बंदी आहे.

१६. यलो फीव्हरची लस घ्यावीच लागते का? मलेरियाचं काय?

यलो फीव्हरची घ्यावीच लागते, दोन्ही बाजूंनी. युगांडात शिरताना कार्ड मागतात, व्हिसाच्या ऑनलाइन अर्जातही जोडावं लागतं, आणि भारतात परत येताना कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, कार्ड टोचल्यापासून १० दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. गर्भवती, अंड्याची गंभीर अॅलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेले, साठीच्या पुढचे, यांनी बुकिंगच्या आधी डॉक्टरांशी बोला, नंतर नाही.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून. ब्विंडी उंचावर आहे म्हणून डास कमी असतात पण एंटेबे, क्वीन एलिझाबेथ, मर्चिसनला असतात. व्हिक्टोरिया तलावात पोहू नका, बिलहार्झिया (पाण्यातल्या जंतांपासून होणारा आजार) होऊ शकतो.

१७. आम्ही शाकाहारी आहोत, उपाशी राहू का?

अजिबात नाही. चपाती तिथे रस्त्यारस्त्यावर मिळते आणि तिला चपातीच म्हणतात, शिवाय राजम्यासारख्या बिया, भात, मातोके म्हणजे उकडून कुस्करलेली कच्ची केळी, शेंगदाण्याची घट्ट आमटी (ही फारच छान लागते), अननस, अवाकाडो. "रोलेक्स" म्हणजे चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट, अंडं खात असाल तर खा. जैन जेवण मात्र आधी लिहून कळवा आणि तिथे पोचल्यावर स्वयंपाक्याला स्वतः भेटून कांदा-लसूण नको हे सांगा. ट्रेकच्या दिवशी पॅक लंच मिळतं, त्यात सँडविच वगैरे, स्वतःजवळ सुका खाऊ ठेवा.

१८. जंगलात बाथरूमचं काय? पाळी असेल तर?

निघायच्या आधी ऑफिसात टॉयलेट असतं, ते वापरूनच निघा. जंगलात गरज पडली तर रेंजरला सांगायचं, तो आडोशाला कोयत्याने साधारण फूटभर खड्डा करून देतो, नंतर माती लोटून नीट बुजवायचं. टिश्यू, पॅड काहीच मागे टाकायचं नाही, झिपच्या पिशवीत घालून परत आणायचं. पाळी असेल म्हणून ट्रेकला कुणी अडवत नाही, असा नियम नाही. महिला रेंजर आणि महिला पोर्टरही असतात, हव्या असतील तर सकाळीच विचारा.

१९. ग्रुपमध्ये मी सगळ्यात हळू चालणारी असेन, लोकांना वैताग येईल का?

हा प्रश्न बायका जास्त विचारतात आणि मला दर वेळी वाईट वाटतं. ग्रुप सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने चालतो, हा नियमच आहे, रेंजर तसंच चालवतो. तुम्ही त्याच्या अगदी मागे, पहिल्या नंबरवर चाला, म्हणजे वेग तुमचा राहतो आणि मागे पडल्याची भावनाही येत नाही. आणि हळू चालणाऱ्यांनाच जास्त दिसतं हे मी बघितलंय, झाडाच्या खोडावरचा गिरगिट आमच्यातल्या सगळ्यात मागच्या बाईंनी दाखवला, पुढचे सगळे त्याच्या शेजारून निघून गेले होते.

२०. डॉलर न्यावेत की शिलिंग? टिप किती?

दोन्ही. डॉलरच्या नोटा नव्या, न फाटलेल्या, न लिहिलेल्या. जुन्या छापाच्या नोटा घेत नाहीत, आणि छोट्या नोटांना भाव कमी देतात. टिपसाठी मात्र ५-१० च्या सुट्ट्या नोटा किंवा शिलिंग ठेवा. रेंजर, ट्रॅकर, पोर्टर, ड्रायव्हर-गाइड सगळे वेगळे, ट्रॅकर दिसत नाहीत म्हणून विसरले जातात, खरं तर गोरिला त्यांनीच शोधलेले असतात. ग्रुपने एकत्र जमवून दिलं तर सोपं. मोठ्या गावांत एटीएम आहेत, ब्विंडीच्या आसपास भरवसा धरू नका.

२१. कॅमेरा, ड्रोन, चार्जिंग?

फ्लॅश पूर्ण बंद. जंगलात अंधार असतो म्हणून मोठ्या लेन्सपेक्षा कमी उजेडात चालणारी लेन्स कामाची, फोननेही छान येतात. ड्रोन नेऊ नका, परवानगीशिवाय पार्कात चालत नाही. प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा. वेळ भारतापेक्षा अडीच तास मागे.

२२. आम्ही १२ जण आहोत, सगळे एकत्र गोरिला बघू शकतो का?

नाही, एका कुटुंबाला ८ म्हणजे ८. तुमचे दोन गट होतील, दोन वेगळी कुटुंबं, एक गट दुपारी बाराला परत येईल आणि दुसरा संध्याकाळी पाचला. सगळी परमिटं एकाच सेक्टरची आहेत ना हे बघा (प्रश्न ६). गट पाडताना जोड्या तोडू नका असं सांगता येतं, पण फिटनेसवरून पाडणं जास्त शहाणपणाचं (प्रश्न ७).

२३. माणसांनी असं जाऊन बघणं प्राण्यांना त्रासदायक नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. त्रास होतोच, म्हणूनच ८ माणसं, एक तास, आणि काही कुटुंबांकडे पर्यटक न्यायचेच नाहीत अशी व्यवस्था आहे. कुटुंबाला माणसांची सवय व्हायला दोनेक वर्षं लागतात. ब्विंडीत पर्यटन १९९३ ला सुरू झालं, आणि त्या पैशांवर रेंजर, ट्रॅकर, व्हेट उभे आहेत. पार्कच्या प्रवेश फीचा २० टक्के वाटा आजूबाजूच्या गावांना जातो. २०१८ मध्ये माउंटन गोरिलांचा दर्जा "अतिसंकटग्रस्त" वरून "संकटग्रस्त" असा एक पायरी सुधारला, हे पर्यटनाशिवाय झालं असतं असं मला वाटत नाही.

पण याची किंमत बात्वा लोकांनी दिलीय हेही सांगायला हवं. पिढ्यानपिढ्या याच जंगलात राहणारी ही माणसं, १९९१ मध्ये नॅशनल पार्क झाल्यावर त्यांना बाहेर काढलं, जमीन नाही, भरपाई नाही. बात्वांसोबत चालायचा कार्यक्रम घेणार असाल तर पैसे कुणाकडे जातात ते आधी विचारा, आणि तो नाचगाण्याचा शो नसून त्यांनीच वाट दाखवत मध, औषधी झाडं, शिकार याबद्दल सांगायचा असेल तरच घ्या.

२४. किगालीला उतरून ब्विंडीला गेलो तर चालेल का? व्हिसा कुठला?

चालतं, आणि दक्षिणेकडच्या सेक्टरना ते एंटेबेपेक्षा जवळ पडतं, साधारण चार-पाच तास, बॉर्डरवर किती वेळ जातो त्यावर. युगांडाचा साधा व्हिसा ५० डॉलर, एकाच एंट्रीचा. दोन देश होणार असतील तर ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा घ्या, १०० डॉलर, ९० दिवस, युगांडा, रवांडा, केनिया तिन्ही. हा व्हिसा ज्या देशात पहिल्यांदा शिरणार त्याच देशाकडे मागायचा, किगालीला उतरणार असाल तर रवांडाकडे. आणि मधेच टांझानियाला जाऊन परत युगांडात यायचं म्हणाल तर तो तिथे संपतो, टांझानिया यात नाही.

२५. परमिट काढलं, गेलो आणि गोरिला दिसलेच नाहीत तर?

फार क्वचित होतं, कारण ट्रॅकर आदल्या दिवसापासून मागावर असतात (प्रश्न १०). पण जंगल आहे, खात्री कुणी देत नाही, आणि जो टूरवाला १०० टक्के गॅरंटी देतो त्याला अजून चार प्रश्न विचारा. उशीर होतो ते मात्र सर्रास, त्यामुळे ट्रेकच्या दिवशीच संध्याकाळचं विमान किंवा लांबचा प्रवास ठेवू नका. कुटुंब बॉर्डर ओलांडून काँगोत गेलं, किंवा दरीत उतरलं, तर रेंजर वाट बघायला सांगतात, अशा वेळी त्यांच्यावर चिडू नका आणि जादा पैसे देऊन अंतर कमी करायला किंवा वेळ वाढवायला तर मुळीच सांगू नका.